वाटेवरची दस्तुरी

दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या मराठी माणसाच्या संसारात काही खर्च असे असतात, की जे अंदाजपत्रकात कधी धरलेले नसतात आणि दर वर्षी न चुकता उद्भवतात. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना आग्रा दाखविणे हा त्यांपैकी प्रमुख होय. गेल्या बारा वर्षांत ताजमहाल आम्ही किती वेळा पाहिला, याची मोजदाद आता राहिलेली नाही. तथापि गेल्या हिवाळ्यात आमचे मामा-मामी कऱ्हाडहून आले आणि त्यांना घेऊन आम्ही जी आग्र्याची वारी केली, तिने ताजमहालापेक्षा त्याच्या वाटेचाच विचार करावयास आम्हांस लावले. प्रस्तुत लेख त्या विचाराचे फलित आहे.

मामा चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मामींना मथुरा-वृंदावनचे दर्शन हवे होते, म्हणून २०१२ साली खुला झालेला यमुनेकाठचा रुंद द्रुतगती मार्ग सोडून आम्ही जुन्या रस्त्याने निघालो. मोटार भाड्याची होती. वाहनचालक आमच्याच वयाचा, पस्तिशीच्या आसपासचा, अबोल आणि गाडी जपून हाकणारा. मथुरेच्या अलीकडे एका ढाब्यापाशी त्याने गाडी थांबविली. याच्यापुढे स्वच्छ जागा मिळणार नाही, असे त्याने सांगितले. तेथे पराठ्याचा दर चांगल्या उपाहारगृहाला लाजविणारा होता आणि पाण्याच्या बाटलीला छापील किमतीच्या दुप्पट पैसे मोजावे लागले. आम्ही बिल देत असताना आमचा चालक मागल्या दाराने आत जाऊन जेवून आला. त्याच्यापुढे कोणी बिल ठेवले नाही. पुढे आग्र्यात, ताज पाहून होताच, 'कारागिरी पाहा, घेण्याची सक्ती नाही' असे म्हणत त्याने आम्हांस संगमरवराच्या एका दुकानी नेले. दारात दोन कारागीर रंगीत खड्यांच्या चकत्या चाकावर घाशीत बसले होते. आत मालकाने दगडाखाली दिवा धरून तो कसा उजळतो ते दाखविले, सरबत पाजले, आणि मामांनी २,८०० रुपयांची एक नक्षीदार तबकडी घेतली. तासाभराने ताजगंजच्या गल्लीत तशीच तबकडी एका लहान दुकानात टांगलेली दिसली. आम्ही न राहवून भाव विचारला. तो १,२०० होता, आणि तोही घासाघीस करण्यापूर्वीचा.

मामा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर, ती आपल्याला फार आवडली म्हणून घेतली, एवढेच ते मामींना दोनदा म्हणाले. जन्मभर पोरांना नफा-तोट्याची गणिते शिकविलेल्या माणसाने असे म्हणावे, हे आम्हांस फार लागले. चालकावर आम्ही संतापलो होतो. पण मामांदेखत बोलणे म्हणजे त्यांच्या फसगतीचा डंका पिटणे होते. म्हणून आम्ही गप्प बसलो आणि मनाशी विचार करू लागलो, की वाटसरूला दुकानापर्यंत पोहोचवून त्याच्या खरेदीतला वाटा घेण्याची ही रीत आली कोठून?

या रीतीचे जुने नाव 'दस्तुरी' असे आहे. दस्तूर म्हणजे वहिवाट. पत्रावरचे 'दस्तुरखुद्द' आपण ओळखतो, पारशांचे धर्मगुरू 'दस्तूर' आपल्या परिचयाचे आहेत. त्याच फारसी घराण्यातला हा शब्द. व्यवहारात ज्याच्या हातून धन्याचा पैसा जातो त्याने त्यातून वहिवाटीने घ्यावयाचा हिस्सा, असा त्याचा अर्थ रूढ झाला. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्याला, मद्रासेला आणि मुंबईला इंग्रजांच्या घरचा खानसामा बाजारात गेला, की विकणाऱ्याकडून त्याला दस्तुरी मिळे आणि ती अर्थातच मालाच्या किमतीत चढविलेली असे. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत हा शब्द इतका मुरला, की यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याला स्वतंत्र नोंद मिळाली. मालकाच्या संमतीने असो वा संमतीवाचून, मधल्या माणसाकडे राहणारा तो वाटा, असाच आशय तेथे दिला आहे. दुसरा शब्द 'दलाल'. तो अरबी असून त्याचा मूळ अर्थ वाट दाखविणारा असा आहे. वाट दाखविणे आणि वाटा घेणे ही दोन कामे एकाच माणसाकडे आज नव्याने आलेली नाहीत, याची साक्ष भाषाच देत आहे.

ज्या रस्त्याने आम्ही चाललो होतो, त्याचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्याच्या कडेला मोगलांनी बांधलेले कोस-मिनार अद्याप अधूनमधून दिसतात आणि छाता येथील सरायीचे भव्य दरवाजे उभे आहेत. शेरशहा सूर याने आपल्या अल्प राजवटीत, म्हणजे १५४० ते १५४५ या काळात, हमरस्त्यांवर दर दोन कोसांस सराय बांधविली, आणि अशा सरायांची संख्या १,७०० होती, असे त्याचा चरित्रकार अब्बास खान सरवानी याने अकबराच्या काळात लिहून ठेवले आहे. हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी निरनिराळी व्यवस्था, थंड व ऊन पाणी, खाट, जनावराला दाणा, असा तो थाट होता. संख्येबद्दल अभ्यासकांनी वाद घालावा. आमचे लक्ष वेधले ते एका बारीक तपशिलाने. सरायीतील नोकरांच्या चरितार्थासाठी लगतच्या जमिनीचे उत्पन्न तोडून दिलेले असे. वाटसरूची सेवा करणाऱ्याचे पोट वाटसरूच्या गरजेवर न ठेवता जमिनीच्या उत्पन्नावर ठेवावे, ही त्यातील दृष्टी. सराय ही राजाने केलेली सोय होती, कारण रात्री थांबणे ही वाटसरूची निवड नसते, निरुपाय असतो. सूर्य मावळला, की सरायीचे दरवाजे बंद होत, आणि बाहेर राहणाऱ्याची शाश्वती कोणी देत नसे. जेथे निरुपाय आहे तेथे भाव करण्याची शक्ती एकाच बाजूला जाते, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांनंतर सुरतेत काय दिसते? जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७४-७५ च्या सुमारास तेथे होता. हा तोच फ्रायर, जो १६७५ साली मोगल सुभेदाराच्या घरी औषधोपचारासाठी आपल्या जुन्नरास येऊन गेला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. जहाजातून उतरलेल्या परक्याला सुरतेचे दलाल कसे गराडा घालतात, याचे वर्णन त्याने मोठ्या वैतागाने केले आहे. प्रत्येक सौद्यावर त्यांना उघडपणे शेकडा दोन टक्के मिळत. याशिवाय मालाच्या किमतीतून गुपचूप जे काढले जाई ते वेगळेच. हे गुपचूप काढणे परक्याला कळत नाही याचे त्याने दिलेले कारण मार्मिक आहे: परक्याला तेथील भाषा येत नाही.

आम्हांला वाटते, या सबंध व्यवहाराचे मर्म येथे आहे. प्रवासी हा असा गिऱ्हाईक आहे, की ज्याला भाव ठाऊक नाही, बहुधा भाषा ठाऊक नाही, वेळ नाही, आणि जो पुन्हा त्या दुकानी येणार नाही. गावातला वाणी आपल्याला फार फसवीत नाही, कारण उद्या सकाळी त्याला पुन्हा आपले तोंड पाहावयाचे असते. रस्त्यावरच्या दुकानदाराला परत येणारा एकच माणूस माहीत असतो, तो म्हणजे गाडी हाकणारा. म्हणून तो प्रवाशाचा संतोष न सांभाळता चालकाचा सांभाळतो. चालकाला मिळणारे फुकट जेवण आणि टक्के हीच त्या दुकानाची जाहिरात. आणि या जाहिरातीचा खर्च सरतेशेवटी पराठ्यावर आणि तबकडीवर पडतो.

येथवर आमचा राग कायम होता. परंतु आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा तो थोडा अडखळला. गावगाड्यात पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे जे हक्क आणि मानपान होते, ते तरी काय होते? रयतेच्या पिकातून आणि बाजारातून वहिवाटीने घेतलेला वाटाच तो. मात्र तो उघड होता. कोणाचा किती, हे कागदावर होते आणि त्यावरून शतकभर तंटे चालत. याच्या उलट उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६-१८१८), मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा सरकारी रकमेखेरीज जी गुप्त रक्कम पोहोचवावी लागे तिला 'अंतस्थ' म्हणत. मक्तेदार ती आपल्या खिशातून देत नसे, हे सांगावयास नको. वड्याचे तेल वांग्यावर निघे आणि वांगे म्हणजे रयत असे. हक्क आणि अंतस्थ या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच उघड मेहनतान्यात आणि छुप्या टक्क्यांत आहे. दोन्ही रकमा भरतो तो शेवटचा माणूसच. परंतु पहिलीत त्याला ती ठाऊक असते.

याच संदर्भात शिवछत्रपतींचे चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र आठवते. त्यात रयतेला त्रास देऊ नका, असा नुसता उपदेश नाही. लागेल तो दाणा, वैरण, भाजीपाला बाजारातून रोख विकत घ्या, असे त्यात बजावले आहे. शिपायाच्या हाती वेळेवर पैका नसेल तर तो रयतेच्या परसात शिरणार, हे महाराज जाणत होते. म्हणून सैन्याला जहागिरीऐवजी शक्य तेथे रोख वेतन देण्याचे त्यांचे धोरण होते. सदाचाराची मागणी करण्यापूर्वी पगाराची तजवीज करावी, हा राज्यकारभाराचा पहिला धडा आहे.

इंग्रजांना हा धडा उशिरा समजला. कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर येत आणि खाजगी व्यापार, नजराणे व दस्तुरी यांवर गबर होऊन परतत. कॉर्नवालिस १७८६ साली गव्हर्नर-जनरल होऊन आला. त्याने खाजगी व्यापार बंद केला; पण त्याबरोबरच कलेक्टरचा पगार दरमहा १,५०० रुपये केला आणि वर वसुलावर सुमारे एक टक्का मोबदला ठरवून दिला. म्हणजे छुपी दस्तुरी काढून घेताना त्याने तिची भरपाई केली आणि उरलेला टक्काही कागदावर आणला. यात एक मोठा अन्याय होता तो असा, की ही उदारता गोऱ्या अधिकाऱ्यांपुरती राहिली. हाताखालच्या देशी कारकुनाचा पगार तसाच राहिला आणि त्याच्या चिरीमिरीबद्दल पुढे शंभर वर्षे साहेबलोक उपहासाने लिहीत राहिले. आपल्याकडे कुलकर्णी वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० साली झाला आणि वतनाच्या जागी पगारी तलाठी आला. आम्ही स्वतः कुलकर्ण्यांच्या घरातले. आमचे पणजोबा हक्कावर जगले, आम्ही पगारावर जगतो. आमच्या प्रामाणिकपणात आमच्या स्वभावाचा वाटा किती आणि महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होणाऱ्या रकमेचा किती, हा प्रश्न आम्ही पूर्वी स्वतःला कधी विचारला नव्हता.

प्रवासाचा धंदा आधुनिक झाला तो थॉमस कुक याच्या हातून. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० माणसे एका शिलिंगात नेऊन आणली. पुढे १८६८ पासून त्याने हॉटेलांची कुपने काढली. प्रवाशाने पैसे आधीच भरावे, वाटेत कुपन द्यावे आणि ठरलेले जेवण व खोली घ्यावी. परक्या मुलखात भाव न कळण्याच्या भयावर हा उतारा होता, आणि त्याच्या यशाचे रहस्य बव्हंशी त्यातच होते. १८८१ साली त्याच्या पेढीची मुंबईस कचेरी निघाली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनेही याच दिशेने पावले टाकली. १९४९ मध्ये परिवहन मंत्रालयात पर्यटनाची शाखा उघडली, १९५८ मध्ये स्वतंत्र पर्यटन विभाग झाला, १९६६ मध्ये पर्यटन विकास महामंडळ आले. दिल्लीत १९५२ पासून चालत आलेल्या मध्यवर्ती कुटिरोद्योग भांडारात वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते, आणि पाहुण्यांना आम्ही प्रथम तेथे का नेत नाही, हा आमच्या आळसाचा प्रश्न आहे. हरियाणा सरकारने हमरस्त्यांवर पक्ष्यांची नावे देऊन विश्रामस्थाने उभारली. होडलचे 'डबचिक' याच वाटेवरचे. शेरशहाच्या सरायीची ती दूरची वंशज म्हणावयास हवी.

कायदेही झाले. गोव्यात १९८२ साली पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आला. २०१० साली राजस्थानने आणि दिल्लीने पर्यटकांना गाठून दुकानी नेणाऱ्या दलालांविरुद्ध कायदे केले. पाण्याच्या बाटलीचा आमचा तक्रारअर्ज मात्र टिकला नसता. उपाहारगृहात बसून घेतलेल्या बाटलीवर छापील कमाल किमतीचे बंधन नाही, कारण तेथे वस्तूबरोबर सेवाही विकली जाते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. या सर्व कायद्यांत दलालाला शिक्षा आहे. पण चालकाचे पोट कशावर चालावे, याची तजवीज त्यांत नाही. १ ऑक्टोबर २०१३ पासून अमलात आलेल्या चीनच्या पर्यटन कायद्याने अधिक खोल घाव घातला. अवाजवी स्वस्त सहली काढून दुकानांच्या टक्क्यांतून तूट भरून काढण्यास त्याने बंदी केली आणि त्याच कायद्यात वाटाड्याला पगार देण्याची जबाबदारी सहल काढणाऱ्यावर टाकली. स्वस्त भाडे आणि महाग तबकडी ही एकाच खात्याची जमा आणि नावे आहेत, हे तेथे ओळखले गेले.

आता आमच्या वारीकडे परत येतो. ताजगंजहून निघाल्यावर मामांनी हळूच विचारले, "महाराजांना ठेवले होते ती जागा दिसते का रे?" आग्र्याला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनात हा प्रश्न असतोच. १६६६ च्या मे महिन्यात महाराज तेथे आले आणि ऑगस्टमध्ये निसटले. ती नेमकी जागा दाखविणे कठीण. आम्ही उत्तर शोधीत असता चालकाने काही न बोलता गाडी वळविली आणि किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे तेथे आणून उभी केली. मामा खाली उतरले, चपला काढून उभे राहिले. चालक गाडीपाशी थांबला. अर्धा तास गेला तरी त्याने घाई केली नाही. तेथे दुकान नव्हते.

परतीच्या वाटेवर मामा-मामी मागे झोपी गेल्यावर आम्ही त्याला सरळ विचारले, की त्या तबकडीत तुझे किती? तो प्रथम हसला. मग म्हणाला, "बाबूजी, भाडे तुम्हीच ठरविले ना?" आणि आम्हांस आठवले, की तीन मोटारमालकांना एकमेकांचे दर सांगून आम्ही सातशे रुपये उतरवून घेतले होते आणि त्या रात्री घरी ते अभिमानाने सांगितलेही होते. तो पुढे बोलत राहिला. महिना बांधून दिलेली रक्कम लहान आहे. गाडी उभी राहिली, की तीही कापली जाते. तो जेवतो ढाब्यावर, मुलांची फी निघते दुकानावर. रात्री मालक गाडीतच झोपावयास सांगतो. "तुम्ही बाहेरगावी गेलात तर सरकार भत्ता देते ना?" असे त्याने विचारले. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते.

आमच्या मेजावर गेली नऊ वर्षे प्रवासभत्त्याचीच बिले येतात. अंतर, तास, मुक्काम, दैनिक भत्ता, सारे आम्ही ताडून पाहतो आणि एका रात्रीचा भत्ता चुकला तर अधिकारी दोनदा स्मरणपत्रे पाठवितात. त्या माणसाला आम्ही काय उत्तर देणार? देते, एवढेच म्हणालो.

मामांची फसवणूक झाली, हे खरे आहे आणि ती क्षम्य आहे असे आम्ही म्हणत नाही. कमी पगार हे दुसऱ्याच्या म्हाताऱ्या मामाला लुटण्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्या लुटीचा पहिला सातशेचा हप्ता आमच्या खिशात पडला होता, हेही तितकेच खरे. मालकाने तो चालकाच्या पगारातून वळता केला, चालकाने दुकानाकडून घेतला, दुकानाने मामांकडून. जुन्या भाषेत याला अंतस्थच म्हणावे लागेल.

दिवाळीत पुन्हा पाहुणे आले. या वेळी आम्ही भाडे न पाडता मालकाकडून चालकाचा भत्ता वेगळा लिहून घेतला आणि निघतानाच नव्या चालकाला सांगितले, की तुझे जेवण आमच्याबरोबर, दुकानात मात्र जावयाचे नाही. तो बराच वेळ विचारात पडला. कोसीच्या पुढे त्याने संकोचाने विचारले, "चहाला तरी थांबू या ना, साहेब? तो ढाबेवाला आमच्या ओळखीचा आहे." आम्ही थांबलो. चहा महागच होता. चारशे वर्षांचा दस्तूर एका कुटुंबाच्या एका फेरीने मोडत नाही. पण त्या दिवशी तो चालक मागल्या दाराने आत गेला नाही. आमच्या शेजारी बाकावर बसून त्याने चहा घेतला आणि त्याचे पैसे आम्ही आमच्या पैशांबरोबर मोजून दिले.

मामांची तबकडी कऱ्हाडला ओटीवरच्या फडताळात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवितात आणि खाली दिवा धरून कशी उजळते तेही सांगतात. किंमत सांगत नाहीत.